गप्प झालेला सर्व्हर आणि सामायिक डिस्क : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या रुग्णालयातले आहे. सीटी, एमआरआय आणि एक्स-रेच्या प्रतिमा साठवणारी प्रणाली तिथे दोन सर्व्हरच्या क्लस्टरवर, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याने काम उचलावे अशा जोडीवर, चालत होती. संस्थेची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. सर्व्हरना अ आणि ब म्हणू.

दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, पण वेगळ्या रॅकमध्ये होते. प्रत्येकाला दोन पॉवर सप्लाय आणि दोन पोर्टचे फायबर चॅनेल कार्ड (सामायिक डिस्कशी जोडणारे). दोन कंट्रोलरचे स्टोरेज आणि सर्व्हर त्याला जोडणारे दोन सॅन स्विच ब च्या रॅकमध्ये. स्टोरेजवरून दोन लन (सर्व्हरला डिस्कसारखे दिसणारे कप्पे) दोन्ही सर्व्हरना दिलेले होते : ५०० जीबीचा डेटाबेससाठी, १२ टीबीचा प्रतिमांसाठी. प्रत्येक लनकडे जाणारे चार मार्ग, ते एकत्र सांभाळायला डीएम-मल्टिपाथ. क्लस्टरचे सॉफ्टवेअर नेहमीचेच, कोरोसिंक ३ (सर्व्हर एकमेकांना दिसतात का ते पाहणारे) आणि पेसमेकर २ (कोणते काम कुठे चालावे ते ठरवणारे).

काम एका वेळी एकाच सर्व्हरवर चाले. व्हॉल्यूम ग्रुप (लनवरचा डिस्कचा समूह) चालू करणे, दोन्ही फाइल सिस्टिम माउंट करणे (वापरासाठी जोडणे), पोस्टग्रेस डेटाबेस, प्रतिमांची सेवा आणि शेवटी फिरता आयपी (सेवा चालते त्या सर्व्हरवर जाणारा पत्ता), असा संसाधनांचा एक गट होता. हा गट अ वर चालायचा आणि अ पडला तर ब वर जायचा.

दोन्ही लनवर एक्सएफएस होती, आणि सगळ्या प्रकरणाचे मूळ तिथे आहे. एक्सएफएस ही एका वेळी एकाच सर्व्हरने वापरायची फाइल सिस्टिम. ती दोन सर्व्हरवर एकदम माउंट झाली तर दोन्हीकडचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचे गाभे) आपापल्या कॅशवर, म्हणजे मेमरीतल्या प्रतीवर, विश्वास ठेवतात. कोणता ब्लॉक मोकळा आहे याचा हिशेबही दोघे स्वतंत्रपणे करतात. दुसरा सर्व्हर माउंट करताना फाइल सिस्टिमच्या बदलांचा अर्धवट राहिलेला लॉग पाहतो आणि तो पुन्हा लागू करतो, आणि त्याच वेळी पहिला त्याच लॉगमध्ये लिहीत असतो. असे झाल्यावर बिघाड लगेच दिसतोच असे नाही. काही तास सगळे सुरळीत चालते, मग एखादी डिरेक्टरी उघडत नाही. ईएक्सटी४ या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये दोनदा माउंट होऊ नये म्हणून एमएमपी नावाची सोय तरी आहे (ती आपणहून चालू नसते). एक्सएफएसमध्ये तीही नाही.

व्हॉल्यूम ग्रुपला सिस्टिम आयडी, म्हणजे मालक सर्व्हरचे नाव, लावलेला होता, त्यामुळे ‘दुसरा सर्व्हर हात लावू शकणार नाही’ असा समज तिथल्या चमूत होता. तो चुकीचा होता. सिस्टिम आयडी ही दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. काम ताब्यात घेताना क्लस्टरचा एजंट (ते काम हाताळणारा छोटा प्रोग्राम) ती पाटी स्वतःच बदलतो, कारण त्याचे कामच ते आहे. पाटी बदलण्याआधी जुना मालक खरोखर गेला आहे याची खात्री फेन्सिंगने, म्हणजे गप्प झालेल्या सर्व्हरला जबरदस्तीने बंद किंवा वेगळे करण्याने, द्यायची असते.

फेन्सिंगसाठी प्रत्येक सर्व्हरच्या बीएमसीशी, म्हणजे सर्व्हर दुरून बंद-चालू करणाऱ्या त्यातल्या छोट्या स्वतंत्र संगणकाशी, आयपीएमआय पद्धतीने बोलणारा एजंट लावलेला होता. उभारणीच्या वेळी दोन्ही बाजूंनी फेन्सिंग करून पाहिले होते आणि सर्व्हर नीट बंद होऊन चालू झाले होते. कागदावर कोरोसिंकच्या लिंकही दोन होत्या. पण अ च्या रॅकमध्ये एकच नेटवर्क स्विच होता आणि अ च्या सगळ्या केबल त्यातच जात होत्या : वापरकर्त्यांचे नेटवर्क, कोरोसिंकच्या दोन्ही लिंक, बीएमसीचा पोर्टही. ब चे तसेच, त्याच्या रॅकमधल्या स्विचमध्ये. केबल आखूड राहते आणि रॅक नीटनेटका दिसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी असेच केलेले सापडते.

काय घडले

रात्री २.१० ला अ च्या रॅकमधल्या स्विचचा पॉवर सप्लाय गेला. त्याला दुसरा सप्लाय नव्हता.

कोरोसिंकचे टोकन (निरोपाची वाट पाहण्याची मुदत) ३ सेकंद आणि कन्सेन्सस (कोण उरले यावर एकमताची मुदत) त्याच्या १.२ पट, म्हणजे ३.६ सेकंद. सुमारे सात सेकंदांत ब ने अ ला क्लस्टरमधून वगळले. दोन नोडच्या, म्हणजे दोन सर्व्हरच्या, क्लस्टरमध्ये टू_नोड ही सेटिंग चालू असल्याने एकट्या ब कडेही क्वोरम (निर्णय घेण्याइतकी मते) होता. त्याने नियमाप्रमाणे अ ला फेन्स करायला घेतले, पण अ चा बीएमसी त्याच मेलेल्या स्विचमागे होता. उत्तर आले नाही. पेसमेकरने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला. फेन्सिंगलाच पेसमेकरमध्ये स्टोनिथ म्हणतात; स्टोनिथ-मॅक्स-अटेम्प्ट्सची मूळ मर्यादा १० आहे, ती गाठल्यावर तो थांबला. अ चे फेन्सिंग सिद्ध न झाल्याने ब ने काहीही सुरू केले नाही.

अ वरही हेच उलट्या बाजूने चालले होते. त्याच्या दृष्टीने ब नाहीसा झाला होता, त्याच्याकडेही क्वोरम होता, आणि तो ब ला फेन्स करू पाहत होता. त्याची स्वतःची सेवा मात्र चालूच होती. फायबर चॅनेल शाबूत असल्याने डिस्कवर लिहिणेही चालू होते. फक्त वापरकर्ते त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते.

२.२५ ला सीटी विभागातून फोन आला की प्रतिमा जात नाहीत. २.४० ला ड्यूटीवरचा अभियंता घरून ब वर शिरला. समोर दिसले ते असे : अ ‘अनक्लीन, ऑफलाइन’ (दिसत नाही, पण बंद असल्याची खात्रीही नाही), सगळी संसाधने ‘अ वर सुरू, अनक्लीन’, फेन्सिंगच्या इतिहासात एकामागून एक अपयश. पिंग नाही, एसएसएच नाही, बीएमसी नाही.

पहिला निर्णय : थांबायचे की पुढे जायचे

अशा वेळी हाताशी एक आज्ञा असते, पीसीएस स्टोनिथ कन्फर्म. ती सर्व्हर बंद करत नाही. ‘तो बंद आहे हे मी पाहिले आहे’ असे माणसाने क्लस्टरला सांगायचे, एवढाच तिचा अर्थ. आज्ञा दिल्यावर इशारा येतो की नोड खरोखर बंद नसेल तर डेटा खराब होऊ शकतो, आणि हो की नाही विचारले जाते. रात्री पावणेतीनला हो टंकणे फार सोपे असते.

हो म्हणण्याच्या बाजूने युक्तिवादही होता. सर्व्हर तीन वाटांनी उत्तर देत नाही आणि बीएमसीसुद्धा गप्प आहे, म्हणजे त्याची वीजच गेली असणार. बीएमसी सर्व्हरच्याच विजेवर चालतो, हे खरेच आहे. दोन्ही पॉवर सप्लायची वीज गेली तर आयपीएमआयने फेन्सिंग होत नाही, हे या पद्धतीचे जुने आणि माहीत असलेले दुबळेपण आहे. म्हणून गप्प बीएमसी पाहून ‘वीज गेली’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ असतात.

पण हे तीन पुरावे नव्हते. एकच पुरावा तीनदा मोजला जात होता. पिंग, एसएसएच आणि बीएमसी तिन्ही एकाच स्विचमधून जात होते, आणि तो स्विच गेला असता तरी नेमके हेच दिसले असते. अभियंत्याने केबलची नोंद उघडून पाहिली, तिथे ही गोष्ट लक्षात आली, आणि त्याने हात आवरला. ती नोंद अद्ययावत होती हे इथे निर्णायक ठरले. बहुतेक ठिकाणी ती नसते.

थांबण्याची किंमतही मोजली गेली. ड्यूटीवरच्या रेडिओलॉजिस्टला विचारल्यावर कळले की सीटी यंत्राच्या कन्सोलवर नव्या प्रतिमा साठून राहतात आणि तिथेच पाहता येतात. अडचण होती ती जुन्या प्रतिमांशी तुलना करण्याची, आणि त्या रात्री तशी गरज एका रुग्णापुरती होती. तासभर थांबणे गैरसोयीचे होते, पण परवडणारे होते. उलट बाजूला होती १२ टीबीची फाइल सिस्टिम, जिचा बॅकअप परत आणायला काही दिवस लागले असते. तुलना अशी मांडली की उत्तर लांब राहत नाही, पण ती मांडायला क्लिनिकल बाजूच्या माणसाशी बोलावे लागते. आयटीचे लोक हे सहसा टाळतात.

त्या तासात तोललेले पर्याय

स्टोनिथ-एनेबल्ड हा गुणधर्म बंद करायचा, हा पर्याय फोनवरून एका सहकाऱ्याने सुचवला. हे कन्फर्मपेक्षा वाईट. कन्फर्म निदान एकदाच आणि एका नोडपुरते असते. फेन्सिंगच बंद केले तर ब कोणताही इशारा न देता सगळे सुरू करतो, आणि तो बदल परत फिरवायचा सकाळी कोणाला आठवत नाही. इंटरनेटवरच्या कित्येक ‘झटपट क्लस्टर’ धड्यांत हीच ओळ पहिल्या पाच आज्ञांत असते, कारण तिच्याशिवाय चाचणीचा क्लस्टर संसाधने सुरूच करत नाही. सामायिक डिस्क असलेल्या क्लस्टरमध्ये तिला जागा नाही.

स्विच आधी बदलायचा, हा पर्याय सर्वांत निरुपद्रवी वाटत होता. नेटवर्क परत आले की ब चे अडकलेले फेन्सिंग होऊन जाईल, माणसाला काही ठरवायला नको. पण अ सुद्धा ब ला मारायच्या तयारीत बसला होता. लिंक परतताच कोण कोणाला आधी गाठेल याचा नेम नव्हता. दोघांच्या फेन्सिंगला एकसारखाच शून्य विलंब होता, त्यामुळे दोघेही एकमेकांना बंद करण्याची शक्यता होती. डेटा वाचला असता, पण रात्री तीनला दोन्ही सर्व्हर बंद, अशी वेळ आली असती. म्हणून ठरले, अ ची वीज तुटेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही.

सॅन स्विचवर अ चे दोन पोर्ट बंद करायचे, हा खरे तर उत्तम पर्याय होता. सॅन स्विच ब च्या रॅकमध्ये असल्याने ब कडून पोहोचता येत होते. पोर्ट बंद केला की अ जिवंत असो वा नसो, त्याचे लिहिणे थांबते, आणि रक्षण डिस्कचेच करायचे आहे. अडथळे दोन होते. स्विचचा पासवर्ड बाहेरच्या देखभाल कंत्राटदाराकडे होता, आणि कोणता पोर्ट कोणाचा याची नावे जुन्या सर्व्हरच्या काळातली होती. चुकून स्टोरेजचा पोर्ट बंद केला असता तर ब चे मार्गही गेले असते.

ब वरून कच्चे लन थेट वाचून पाहायचे, असाही विचार झाला. लॉगचा पट्टा कॅश टाळून वाचायचा, त्याचा चेकसम (मजकूर बदलला की बदलणारा आकडा) घ्यायचा, मिनिटाभराने पुन्हा घ्यायचा. फक्त वाचल्याने काही बिघडत नाही. चेकसम बदलला तर अ नक्की जिवंत आहे. मात्र तो बदलला नाही तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण अडकलेला कर्नल पाच मिनिटांनी जागा होऊन मेमरीत साठलेली पाने डिस्कवर लिहू शकतो. ज्या चाचणीचे एकच उत्तर कामाचे, तिच्यावर वेळ घालवला नाही.

उरले ते माणूस पाठवणे.

केलेली कृती

रात्रपाळीला आयटीचे कोणी नव्हते, इमारतीच्या देखभालीचे एक वायरमन होते. त्यांना फोन चालू ठेवून सर्व्हर खोलीत जायला सांगितले. आता धोका वेगळाच होता. दोन एकसारखे दिसणारे सर्व्हर, आणि ते कधी न पाहिलेला माणूस. चुकून ब बंद केला तर सगळेच संपले.

अ ची ओळख पटवणारा दिवा लावता येत नव्हता, कारण त्याचा बीएमसी हाती नव्हता. ब चा मात्र लावता येत होता, आणि तोही नेटवर्कशिवाय : ब वर असताना आयपीएमआयटूल आपल्याच बीएमसीशी कर्नलच्या ड्रायव्हरमधून बोलते. चेसिस आयडेंटिफाय आज्ञा दिली, ब वर निळा दिवा लुकलुकू लागला, आणि सूचना उलटी झाली : ‘निळा दिवा लागलेल्या मशीनला अजिबात हात लावू नका.’

‘साहेब, दुसऱ्या कपाटातल्या मशीनवर हिरवे दिवे आहेत, पंखेही फिरतायत. खालचा तो बॉक्स मात्र पूर्ण बंद आहे,’ असे उत्तर आले. मागून पाहिल्यावर फायबर चॅनेल कार्डाचे दोन्ही दिवे चालू होते. अ जिवंत होता आणि डिस्कशी जोडलेलाही होता.

पुढच्या पायऱ्या अशा झाल्या. अ चे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरले. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबले की वीज थेट तुटते; हलकेच दाबले असते तर ऑपरेटिंग सिस्टिमने शिस्तीत बंद होण्याची प्रक्रिया सुरू केली असती आणि ती अर्ध्यावर अडकू शकते. पंखे थांबल्यावर मागच्या दोन्ही पॉवर केबल काढायला सांगितल्या. हे अतिदक्षतेचे वाटेल, कारण टू_नोडसोबत वेट_फॉर_ऑल आपोआप चालू असते, म्हणजे अ पुन्हा चालू झाला तरी ब दिसेपर्यंत त्याने काही सुरू केले नसते. पण ज्याच्या बंद असण्यावर पुढचे सगळे उभे आहे, त्याची वीज हातात काढून घेतलेली बरी. काढलेल्या केबलचा आणि मशीनच्या नावपट्टीचा फोटो मागवला. तो पाहून मगच ब वर कन्फर्मला हो म्हटले.

३.२७ ला ब ने गट सुरू करायला घेतला. एक्सएफएसने लॉग पुन्हा लागू केला, पोस्टग्रेसने आपली क्रॅश रिकव्हरी केली, आणि ३.३२ ला सेवा परत आली. एकूण खंड १ तास २२ मिनिटांचा. स्विच सकाळी बदलला. अ ला केबल त्यानंतरच जोडल्या, आणि तो निमूटपणे ब च्या मागे राखीव म्हणून आला.

निष्पत्ती

पुढच्या ठरलेल्या बंद काळात दोन्ही फाइल सिस्टिम नीट अनमाउंट करून, काही न बदलता फक्त तपासणारी एक्सएफएस दुरुस्तीची फेरी चालवली. दोष सापडला नाही.

अ चे लॉग वाचल्यावर मात्र अंगावर काटा यावा असे चित्र दिसले. रात्री जुन्या प्रतिमा दाबून लहान करणारे एक काम अ वर चालू होते, आणि वीज तोडेपर्यंत ते १२ टीबीच्या लनवर सतत लिहीत होते. पोस्टग्रेसचे चेकपॉइंटही (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणे) होत होते. २.४५ ला कन्फर्म केले असते तर जवळजवळ पाऊण तास दोन सर्व्हर एकाच एक्सएफएसवर लिहीत राहिले असते.

सेवा बंद राहिली हे क्लस्टरचे अपयश आहे, असा सूर आढावा बैठकीत निघाला. तांत्रिकदृष्ट्या क्लस्टरने बरोबर तेच केले जे करायला हवे होते. खात्री नाही, तर सुरुवात नाही. अपयश होते ते खात्री मिळवायची वाट सर्व्हरच्याच स्विचमधून नेण्याचे.

दुसरा निर्णय : कायमची दुरुस्ती

कसोटी एकच ठेवली. फेन्सिंगची वाट ज्या कारणाने सर्व्हर गप्प होतो त्याच कारणाने तुटता कामा नये.

अ आणि ब चे बीएमसी एकमेकांच्या रिकाम्या पोर्टला थेट केबलने जोडणे स्वस्त होते. स्विचचा प्रश्न सुटतो, पण वीज गेल्यावर बीएमसी मरतो तो मरतोच. नेटवर्कवरून चालणाऱ्या पीडीयूने (रॅकमधल्या वीज-पट्टीने) सॉकेटच बंद करणे हा सर्व्हरपासून स्वतंत्र उपाय. त्यात दोन पॉवर सप्लायसाठी दोन पीडीयू फेन्सिंगच्या एकाच पातळीवर (एक पातळी फसली तर पुढची वापरली जाते) ठेवावे लागतात, म्हणजे पेसमेकर आधी दोन्ही बंद करतो आणि मगच दोन्ही चालू करतो. इथे तो नाकारला, कारण कोणती केबल कोणत्या सॉकेटमध्ये हे या खोलीत वर्षभर तसेच राहील यावर कोणाचाच भरवसा नव्हता. एक केबल हलली की पीडीयू भलत्याच मशीनला मारतो, आणि एजंट प्रामाणिकपणे ‘यशस्वी’ म्हणतो.

एसबीडी या डिस्कमार्फत फेन्सिंग करण्याच्या पद्धतीवर चर्चा लांबली. सामायिक डिस्कवरच्या छोट्या कप्प्यात ‘मर’ असा निरोप ठेवायचा. तो वाचून, किंवा वाचता आला नाही तर हार्डवेअर वॉचडॉगमुळे (वेळेत हाक मिळाली नाही तर सर्व्हर रीसेट करणारा टायमर), सर्व्हर स्वतः रीसेट होतो. मूळ वेळा वॉचडॉगला ५ सेकंद आणि निरोपासाठी १० सेकंद अशा असतात. पण मल्टिपाथचा एखादा मार्ग तुटून दुसऱ्यावर जायला इथे २५ सेकंदांपर्यंत लागत होते. वॉचडॉग त्याहून मोठा ठेवावा लागतो, निरोपाची वेळ त्याच्या दुप्पट, आणि प्रत्येक फेन्सिंगला ती पूर्ण थांबावीच लागते. उपाय वाईट नाही. फक्त डिस्कशिवायचा एसबीडी दोन नोडच्या क्लस्टरमध्ये एकट्याने चालत नाही, आणि सॉफ्टडॉगवर (कर्नलमधल्या सॉफ्टवेअर वॉचडॉगवर) भिस्त ठेवू नये, कारण कर्नलच अडकला तर तोही अडकतो.

निवड झाली ती स्कझी पर्सिस्टंट रिझर्व्हेशनची, मल्टिपाथसाठीच्या फेन्स_एमपाथ एजंटमार्फत. प्रत्येक सर्व्हर आपली किल्ली लनवर नोंदवतो. ‘फक्त नोंदणीकृतांनाच लिहिता येईल’ असे आरक्षण, म्हणजे प्रकार ५, लागू असते. फेन्स करणे म्हणजे दुसऱ्याची किल्ली काढून टाकणे आणि त्याच्या वाटेत असलेल्या आज्ञाही रद्द करणे. त्यानंतर स्टोरेज स्वतःच त्याचे लिहिणे नाकारते. यात नेटवर्कचा संबंध नाही, सर्व्हरच्या विजेचा नाही. आणि ब ला स्टोरेजपर्यंत पोहोचता येत नसेल तर फेन्सिंग होणार नाही हे खरे, पण मग माउंट करायचेही काही उरत नाही.

आयपीएमआय काढून टाकले नाही. ते पहिल्या पातळीवर ठेवले, कारण त्याने सर्व्हर स्वच्छ रीबूट होऊन परत येतो. फेन्स_एमपाथ दुसऱ्या पातळीवर. किल्ली काढलेला सर्व्हर चालूच राहतो आणि त्याच्यावर सगळीकडे लिहिण्याच्या चुका येत राहतात, म्हणून एजंटसोबत येणारी वॉचडॉगची स्क्रिप्टही लावली. किल्ली गेल्याचे दिसताच ती सर्व्हर रीबूट करते.

एवढ्याने ती रात्र सुटली असती का, हे तपासताना एक पेच निघाला. दोघेही स्टोरेजपर्यंत पोहोचत होते. किल्ली काढायची शर्यत अ ने जिंकली असती तर ब बाद, आणि उरलेला अ वापरकर्त्यांना दिसतच नाही! फेन्सिंग डेटा वाचवते. कोणी उरावे हे ते ठरवत नाही. म्हणून प्रशासकीय इमारतीतल्या एका छोट्या मशीनवर क्यूडिव्हाइसचा साक्षीदार (तिसरे मत देणारा) बसवला, एफएफस्प्लिट पद्धतीने, म्हणजे समान फूट पडली तर मत एकाच बाजूला. आता मते तीन, क्वोरम दोन, टू_नोड बंद. त्या रात्रीसारखा अ एकटा पडला तर साक्षीदाराचे मत ब ला जाते. अ कडे क्वोरम नाही, म्हणून तो फेन्सिंग करू शकत नाही आणि आपली संसाधने स्वतः थांबवायला घेतो. ब मात्र त्याच्या शब्दावर विसंबत नाही, किल्ली काढूनच पुढे जातो.

फक्त कोरोसिंकची लिंक तुटली आणि दोघेही साक्षीदाराला दिसत असतील, तर मत कोणा एकालाच मिळते, त्यामुळे शर्यत होत नाही. तो साक्षीदारच दुरुस्तीसाठी बंद असताना काय, यासाठी प्रायॉरिटी-फेन्सिंग-डिले (काम चालू असलेल्या सर्व्हरला फेन्स करण्याआधीचा विलंब) १५ सेकंद ठेवायची सूचना आली होती. साक्षीदार नसताना लिंक तुटली तर दोघांकडेही एकच मत राहते, क्वोरम कोणाकडेच नसतो, त्यामुळे हा विलंब कामालाच येत नाही. सूचना मागे घेतली आणि साक्षीदार मशीन बंद करायला लेखी परवानगी लागेल असे केले.

केबलही बदलल्या : कोरोसिंकची एक लिंक दोन सर्व्हरमध्ये थेट, दुसरी स्विचमधून, आणि वापरकर्त्यांच्या नेटवर्कचे दोन पोर्ट दोन वेगळ्या स्विचमध्ये. खर्च जवळजवळ शून्य. खरे तर सगळ्यात मोठा फरक याच केबलने पडला.

चाचणीत निघालेले दोष

पहिल्याच चाचणीत ब ची नोंदणी होईना. कारण साधे होते : मल्टिपाथची कॉन्फिगरेशन फाइल अ वरून जशीच्या तशी ब वर आणलेली होती, त्यामुळे दोन्हीकडे रिझर्व्हेशन_की एकच. एजंटला ब साठी दिलेली किल्ली फाइलमधल्या किल्लीशी जुळत नव्हती आणि एमपाथपर्सिस्ट (किल्ल्या नोंदवणारी आज्ञा) नकार देत होते. किल्ली प्रत्येक सर्व्हरची वेगळी हवी. तपासायचे कसे? एमपाथपर्सिस्टने नोंदलेल्या किल्ल्यांची यादी मागवायची. चार मार्ग आणि दोन सर्व्हर म्हणजे यादीत आठ नोंदी दिसायला हव्यात, प्रत्येक किल्ली चारदा. सात दिसल्या तर एक मार्ग नोंदणीविना आहे, आणि त्या मार्गाने गेलेले लिहिणे नाकारले जाईल.

दुसरा दोष बॅकअपचा. तिसरा एक बॅकअप सर्व्हर प्रतिमांच्या लनशी थेट जोडलेला आहे, हे आराखड्यात नव्हतेच. तो स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेण्याआधी लनवर एक खूण लिहायचा. आरक्षण लागू होताच त्याला रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट (आरक्षणामुळे लिहायला नकार) मिळाला आणि त्या रात्रीचा बॅकअप फसला. त्याची जोडणी काढून त्याला स्टोरेजचा स्नॅपशॉटच दाखवण्याची व्यवस्था केली. दुसऱ्याच्या फाइल सिस्टिमवर थेट लिहिणारे काहीतरी इतके दिवस चालू होते, हे आरक्षणामुळेच उघड झाले.

चाचण्यांचा क्रम असा ठेवला : हाताने फेन्सिंगची आज्ञा, सिस-आरक्यूने कर्नल पाडणे, फायरवॉलने दोन्ही दिशांनी कोरोसिंकच्या दोन्ही लिंकचे यूडीपी पोर्ट अडवणे, कोरोसिंक प्रोसेस थांबवून दोन मिनिटांनी पुन्हा सोडणे, दोन्ही पॉवर केबल एकदम काढणे, शेवटी अ च्या रॅकमधला स्विच बंद करणे. नुसता इंटरफेस डाउन करून पाहणे पुरेसे नाही, प्रत्यक्षात नेटवर्क इतक्या सभ्यपणे मरत नाही. थांबवून सोडण्याची चाचणी सगळ्यात महत्त्वाची, कारण झोपून उठलेला सर्व्हर हाच खरा शत्रू. ती बघताना, सर्व्हर आधीच रीबूट झाला नसेल तर, सोडल्यानंतरचे पहिले लिहिणे नाकारले गेले का, हे लॉगमध्ये शोधायचे.

पॉवर केबल काढल्यावर आयपीएमआयची पातळी ६० सेकंदांच्या मुदतीपर्यंत अडली, मग दुसऱ्या पातळीने तीन सेकंदांत काम केले. सर्व्हर गप्प झाल्याचे कळायला लागलेला वेळ धरून सगळे मिळून सुमारे सव्वा मिनिट, शिवाय फाइल सिस्टिम आणि डेटाबेसच्या रिकव्हरीची वेळ. मुदत कमी करावी का यावर दोन मते झाली. या बीएमसीला स्वतःच रीसेट झाल्यावर उत्तर द्यायला बराच वेळ लागतो हे पाहून ती तशीच ठेवली.

वेगळे काय करता आले असते

बीएमसीचे मॉनिटर (नियमित तपासणी) दर ६० सेकंदांनी चालत होते आणि २.११ लाच अयशस्वी झाले होते. सूचना मात्र एका ईमेल पत्त्यावर जात होती, जो रात्री कोणी पाहत नाही. सीटी विभागाच्या फोनपर्यंत गेलेली १५ मिनिटे इथे गेली. फेन्सिंगचे साधन आजारी असणे हा सेवा बंद पडण्याइतकाच तातडीचा इशारा समजायला हवा.

सॅन स्विचचा पासवर्ड सीलबंद लिफाफ्यात आणि पोर्टची नावे अद्ययावत असती, तर तीनच्या आत अ तुटला असता, वायरमनना न पाठवता. आता प्रत्येक सर्व्हरचे दोन पोर्ट क्रमांक, बंद करायची आज्ञा आणि ती खरोखर लागू झाली हे बघायची आज्ञा एका पानावर आहे. स्विच रीस्टार्ट झाला तरी पोर्ट बंदच राहावा म्हणून बंद करण्याचा कायमस्वरूपी प्रकार वापरायचा, हेही त्यात आहे.

कन्फर्म आज्ञेवर दोन माणसांची अट घालण्यात आली : एकाने मशीन किंवा बंद पोर्ट प्रत्यक्ष पाहायचा, दुसऱ्याने आज्ञा द्यायची. यावर आक्षेप आला की दुसरा माणूस उपलब्ध नसेल तर सेवा तशीच बंद राहील. आक्षेप नोंदवून अट कायम ठेवली.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. स्टोरेज आणि दोन्ही सॅन स्विच ब च्याच रॅकमध्ये आहेत. त्या रॅकची वीज गेली तर कोणत्याही फेन्सिंगने काही फरक पडत नाही. दुसऱ्या खोलीत स्टोरेजची प्रत ठेवण्याचा प्रस्ताव खर्चाच्या कारणाने पुढच्या अर्थसंकल्पाकडे ढकलला आहे. तोवर एक सॅन स्विच अ च्या रॅकमध्ये हलवायचे काम पुढच्या बंद काळासाठी नोंदवले आहे.